चौथी ओंजळ

राजे येत, राजे जात आणि प्रत्येकाला वाटे, आपण कायमचे आलो. त्या जुन्या काळातली ही गोष्ट. लहानथोरांनो, ऐका.

एका मोठ्या तळ्याच्या बांधाखाली एक नगर वसलं होतं. तिथली रीत अशी की, पावसाळा सरल्यावर बांधाची मोरी उघडायची आणि पाणी पाटाला लागलं की प्रत्येक घरानं तीन ओंजळी तळ्याला परत द्यायच्या. पहिली बांध घालणाऱ्याला, दुसरी मोरी बसवणाऱ्याला, तिसरी काठावर चिंचा लावणाऱ्याला. हे तिघे तीन घराण्यांतले राजे. त्यांची नावं मात्र कुणालाच ठाऊक नव्हती.

असणार कशी? मोरीच्या तोंडावर तळ्याचं पाणी अडवून धरणारी एक शिळा होती. राज्य बदललं की नव्या धन्याचं पहिलं काम तेच. मागल्याचं नाव खरवडायचं आणि 'हे तळं मी बांधलं' असं खोल कोरून घ्यायचं. ज्यांनी बांधावर टोपलीभर माती टाकली नाही, त्यांनीही बेलाशक कोरून घेतलं.

हे काम लिंबाजी पाथरवटाच्या घराकडे होतं. आज्यानं केलं, बापानं केलं, त्यानं स्वतः दोनदा केलं.

पुढं आणखी एक राजा नगर जिंकून आला. कारभाऱ्यानं लिंबाजीला सांगितलं, अक्षरं हातभर उंच हवीत. लिंबाजीनं शिळा बोटांनी ठोकून पाहिली आणि छिन्नी पिशवीत परत ठेवली.

कारभारी हसला. "छिन्नी जड झाली का रे म्हाताऱ्या? हात नकोसा झाला असेल तर तसं सांग."

नकाराला उजवा हात तोडण्याची शिक्षा होती. घरी बायकोनं विनवलं, एकदाच कोरा आणि मोकळे व्हा. त्या रात्री लिंबाजी जेवला नाही. सकाळी राजा बांधावर आला, तेव्हा तो शिळेपाशीच उभा होता.

"महाराज, हिच्यावर जरा हात ठेवा."

राजानं ठेवला. शिळा ओलसर होती. लिंबाजीनं शेजारी नुसतं बोट ठोकलं, तशी ती तळहाताखाली थरथरली.

"आज्याच्या वेळी ही वीतभर जाड होती. खरवडून खरवडून तीन बोटं उरलीय. आता छिन्नी लागली, तर तळं नगरावर येईल."

"मग माझं नाव कुठं राहील?"

"मागल्यांचं तरी कुठं राहिलं, महाराज? मीच खरवडलं. ओंजळी तेवढ्या राहिल्या."

राजानं शिळेवरचा हात अलगद काढून घेतला. कोरायचं काम थांबवायला सांगून तो निघून गेला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं. राजानं खाणीतून हातभर जाड शिळा आणवली आणि जुन्या शिळेच्या पाठीशी बसवून घेतली. काम लिंबाजीनंच केलं, त्याच उजव्या हातानं. हिच्यावर काय कोरायचं, असं कारभाऱ्यानं विचारलं.

राजा म्हणाला, "काही नको. कोरलं की पातळ होते."

त्या साली मोरी उघडली. सगळ्यांच्या तीन ओंजळी झाल्या. लिंबाजी मात्र पुन्हा वाकला. त्यानं चौथी ओंजळ भरली आणि शिळेला आधार देणाऱ्याला म्हणून सोडली. मागून बायको वाकली, मग शेजारी, मग सारा बांध.

त्या राजाचंही नाव आज कुणाला ठाऊक नाही. ओंजळी मात्र चार झाल्या, त्या चारच आहेत.

बोध एवढाच: नाव कोरणारा दगड झिजवतो, लोक ऋणी राहतात ते दगडाला आधार देणाऱ्याचे.