पाणकौल

एका राज्यात, जिथल्या विहिरीही हाक मारली की ओ देत, केतकी नावाची पाणी बघणारी राहत होती. राजा विजयकेतूच्या दरबारात तिचा मोठा मान. सोन्याच्या परातीत पाणी घ्यायचे, त्याला हुकूम सोडायचा आणि दिसेल ते सांगायचे, अशी तिथली रीत. पाण्याला हुकूम! काय तो तोरा!

तिथल्या तळ्याच्या तळाशी शापित खजिना होता आणि राजाला त्याचा नाद लागला होता. केतकीचा धाकटा भाऊ अंबर पट्टीचा पाणबुड्या. त्याने सूर मारला मात्र, खजिना राखणाऱ्या कज्जल मांत्रिकाने त्याचा मासा केला आणि तसेच हजार मायावी मासे तळ्यात सोडले.

"सूर्य बुडायच्या आत भाऊ ओळख," मांत्रिक म्हणाला. "तीनदा हात घाल. तिन्ही वेळा चुकलीस, तर तो कायमचा माझा."

केतकीने परात भरली, हुकूम सोडला. मासा दिसला, तिने झडप घातली, हाती नुसता फेस आला! दुसऱ्यांदा आवाज चढवला. हाती गारगोटी आली. सूर्य डोंगराला टेकला. तिला रडू फुटले.

काठावरचा खंड्या पक्षी म्हणाला, "बाई, जन्मभर पाण्याकडून खरे मागितलेस. त्याला कधी खरे सांगितलेस?"

केतकी चरकली. परात भिरकावून ती गुडघाभर तळ्यात शिरली, ओंजळ भरली.

"जळदेवते, धोका आहे का, असे अंबरने मला विचारले होते. मी पाणी न बघताच नाही म्हणाले. मला खजिन्याची हाव सुटली होती."

ओंजळ गढूळली, फिरली आणि एकदम नितळ झाली! तिच्यात दिसले, कमळाच्या देठाशी एक मासा थरथरत होता. तिने तळ्यात तिथेच हात घातला, आणि धापा टाकत अंबर वर आला! मायावी मासे विरले, मांत्रिकाचा धूर झाला, आणि राजाने खजिन्याचा नाद कायमचा सोडला.

तेव्हापासून त्या राज्यात आधी आपले खरे सांगतात, मगच पाण्याला कौल मागतात. त्यालाच पाणकौल म्हणतात. पाण्यात भविष्य बघणे, असा अर्थ परके लोक करतात. करोत बापडे!

ती रीत पाळून पहिला कौल मागितला अंबरने, तिथेच, ओल्या अंगाने.

"अक्का, मी तुझ्यावर फार चिडलो आहे. हे माझे खरे."

मग तो ओंजळीत बराच वेळ बघत राहिला. काय दिसले, ते त्याने कधीच सांगितले नाही. पाणी सोडून त्याने बहिणीचा हात धरला.

"चल घरी," तो म्हणाला.