अजून न सुटलेली खुर्ची

समुद्राकाठच्या एका गावात हसाजी तेल्याच्या ओसरीवर त्याच्या बाळाची सुंता होती. हसाजीचे हे बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, लोक कोकणात कधी आले ते त्यांनाही आठवत नाही, पण जुनी नावे त्यांनी सांभाळली आहेत. बाळाचे नाव ठरले होते एलियाहू. हिब्रूत त्याचा अर्थ, माझा देव तोच. या नावाचा पहिला माणूस अग्निरथात बसून जिवंतच स्वर्गात गेला. प्रत्येक सुंतेला तो न दिसता येतो, म्हणून त्याच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवतात.

तेवढ्यात गावचे इनामदार आले. उंच आसन दिसले की त्यांचे गुडघे आपोआप वाकत. ते थेट त्या खुर्चीकडे निघाले. तेलघाण्याची जागा त्यांची, त्यामुळे हसाजी वाट सोडून बाजूला झाला.

"ती एलियाहूंची खुर्ची आहे, सरकार," आतून बाळंतीण लेयाबाई म्हणाली.

"कुठे आहेत ते? खुर्ची तर रिकामी दिसते."

"सरकार, आपल्या काकासाहेबांची इनामाची गादी आपल्याला केव्हा मिळाली?"

"ते वारल्यावर. माणूस हयात असताना त्याच्या गादीवर कोण बसेल?"

"हे तर अजून वारलेच नाहीत."

इनामदार चटईवर बसले. बाळाला नाव मिळाले. सकाळची खारी झुळूक आली, खुर्चीवरचे रेशमी वस्त्र जरासे उचलले गेले आणि कोणी अलगद टेकावे तसे खाली बसले. इनामदारांनी पसरलेले पाय हळूच आवरून घेतले.