फुकटाचं पोतं

रानातल्या प्राण्यांचा बाजार चिंचेखाली भरायचा, त्या काळातली ही गोष्ट. तिथं घूसमावशीचं किराणा दुकान होतं. प्रत्येक खरेदीवर मावशी पळसाचं एक पान द्यायची. पाच पानं जमली की एका पोत्यावर दुसरं पोतं फुकट! झुपकी खार ती पानं जिवापाड जपायची.

पाचवं पान मिळाल्यावर पुढच्याच बाजारी ती दुकानात धावली. त्या दिवशी सवलत लाल मिरच्यांवर होती. झुपकीला पोतं फुकट मिळतंय एवढंच दिसत होतं. तिनं दोन्ही पोती ओढत आणून ढोलीत रचली आणि ऐटीत म्हणाली, "बघा रे, केवढी बचत केली!"

पिल्लं शिंकत म्हणाली, "पण आई, जेवायला काय?"

झुपकीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात वरच्या फांदीवरचा म्हातारा पोपट हसला. "पोरी, माझ्याकडे शेंगांची दोन पोती पडलीत. मीही पळसाची पानं साठवली होती ना! सोलून सोलून चोच झिजली माझी. मला मिरच्या दे, तू शेंगा ने."

त्या संध्याकाळी पिल्लं पोटभर जेवली. झुपकीनं एक मिरची मात्र आठवण म्हणून ढोलीच्या दाराशी टांगून ठेवली.

पुढच्या बाजारी घूसमावशी ओरडली, "झुपके, ये लवकर! आज पानंही नकोत, पोत्यावर पोतं फुकट!"

झुपकी धावली आणि मध्येच थांबली. "मावशी, पोतं कशाचं?"

मावशी गडबडली. हे आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.