साहेबांचा एकच पॉइंट

शाळेतली खिचडी मी बारा वर्षं शिजवते. शाळेच्या अंगणात भरलेल्या ग्रामसभेत नवे तपासणीसाहेब म्हणाले, "गिरजाबाई, आता इंग्रजी येणाऱ्या बाईलाच हे काम. सांगा, पॉइंट म्हणजे काय? उत्तर एकच. चुकेल त्यानं उठायचं आणि घरी जायचं."

मी म्हटलं, "आधी तुमचं उत्तर फळ्यावर लिहा साहेब. मागाहून फिरवाल."

त्यांनी ऐटीत लिहिलं, 'मुद्दा'.

मग मी गावाला विचारलं. वायरमन लहानू म्हणाला, "पंख्याची पिन खुपसतात ती जागा." कबड्डीवाला तुळशीराम म्हणाला, "गडी बाद केला की मिळतो तो." रिक्षावाला म्हणाला, "आमचा पॉइंट पिंपळाखाली."

"सगळे चूक!" साहेब ओरडले.

"असं ओरडून ठरत नाही. आमच्या सभेत हात वर करून ठरतं."

कबड्डीला एकतीस हात आले, पिंपळाला नऊ, लहानूच्या पिनेला सात. मुद्द्याला एकच, तो साहेबांचा. ग्रामसेवकानं ठराव लिहूनही टाकला.

मी खिचडीचा डाव उचलला. "नियम तुमचाच साहेब. आता उठा. पण उपाशी जाऊ नका, खिचडी तयार आहे."

साहेब पोरांच्या पंगतीत बसले. दोनदा वाढून घेतली.