उतरताना हात रिकामा नको

मोरदंडावर चढायला दोन वाटा आहेत आणि उतरायलाही त्याच दोन. चढताना माणसांचे हात मोकळे असतात. उतरताना मात्र लहानथोर प्रत्येकाच्या हातात एक दगड असतो. इतर डोंगरांवर लोक देवाच्या नावाने दगड वर नेऊन ठेवतात. इथे वरचा दगड खाली आणायचा. पायथ्याला हे तळे आहे, त्याच्या बांधावर तो ठेवायचा, आणि ठेवायचा तो डाव्या हाताने. चांगल्या कामात डावा हात पुढे केला की आपण पोरांना दटावतो. या बांधावर कोणी उजवा हात पुढे केला तर पायथ्याच्या वाडीतल्या म्हाताऱ्या त्याचे मनगट धरतात.

बांध नीट पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसेल. डोंगर सगळा तांबूस दगडाचा आहे, आणि बांध निळसर दगडाचा. हा दगड इथला नाही. तो दीड कोसावरच्या नदीकाठच्या खाणीतला आहे. तो आधी वर कसा गेला आणि मग खाली कसा आला, ते वाडीतले लोक सांगत आले आहेत.

त्या काळी या मुलखावर एका संस्थानाचा अंमल होता, म्हणे. त्या संस्थानाचे नाव वाडीत कोणी घेत नाही. ते ठाऊक नाही असे नाही, पण घ्यायचे नाही असे ठरलेले आहे. डोंगरउतारावर दगडांच्या ताली रचायच्या, पावसाबरोबर वाहून जाणारी माती त्यांच्यामागे अडवायची आणि तेवढ्या मातीत नाचणी, वरई करायची, हे इथल्या लोकांचे जगणे. तालीला चुना लागत नाही. दगडावर दगड, आणि दोन दगडांमधल्या फटीत ठोकून बसवलेला लहान तुकडा, त्याला इथे चीप म्हणतात. अशा ताली शंभर शंभर वर्षे हलत नाहीत.

संस्थानाची वेठ असे. पालख्या वाहायच्या, शिकारीत हाकारे घालायचे. एका शिकारीत वाडीची तीन माणसे वाघापुढे लोटली गेली आणि परत आली नाहीत. त्यानंतर वाडीने वेठीला नाही म्हटले. आठव्या दिवशी शिपाई आले. सात घरे जाळली. जनावरे हाकून नेली. आणि सुभेदाराचा हुकूम सुटला, मोरदंडाच्या माथ्यावर चौकी बांधायची. माथ्यावरच का, तर उन्हाळ्यात न आटणारा एकच झरा या भागात आहे आणि तो तिथे आहे. सुभेदाराला भिंत हवी होती ती त्या झऱ्याभोवती. रोज घरटी एका माणसाने नदीवरून दगड आणून वर पोचवायचा. दगड आणला तर दोन घागरी पाणी. नाही आणला तर पाठीवर चिंचेचे फोक.

वाडीत म्हातू नावाचा ताली रचणारा होता. त्याच्यासारखा हात आसपासच्या दहा गावांत नव्हता. चौकीची भिंत त्याच्याकडूनच रचून घेतली. भिंत डोक्याइतकी आली, बुरुज उभा राहिला, तेव्हा सुभेदार म्हणाला, आता झऱ्याचे तोंड बंद कर, पाण्याचा थेंबही आपणहून खाली जाता कामा नये. म्हातूने हातातला दगड खाली ठेवला. "पान्याच्या वाटंत मी दगड ठेवत न्हाई," एवढेच तो बोलला. तेव्हा त्याचा उजवा पंजा त्याच दगडावर ठेवून वरून दुसरा दगड घातला. झऱ्याचे तोंड मग शिपायांनीच बुजवले.

म्हातूच्या बायकोचे नाव ठकी. अंगाने काटकुळी, बोलायला कमी. दुसऱ्या दिवसापासून घरातला माणूस म्हणून ती डोक्यावर चुंबळ ठेवून दगड वाहू लागली. संध्याकाळी ती म्हातूला नाचणीची पेज भरवायची. तो हात फडक्यात गुंडाळून भिंतीला टेकून बसलेला असायचा. एकदा पेज भरवताना ती म्हणाली, "अवो, तुमी रचलेली भिंत कुनाच्यानं पडंल का?"

"तोफंनं बी न्हाई," तो म्हणाला. पुढे होऊन डाव्या हाताच्या बोटाने त्याने चुलीपुढच्या राखेत भिंत काढली. बुरुज काढला. चार ठिकाणी ठिपके दिले. "हितल्या चिपा काढल्या तर ती माझी भिंत ऱ्हात न्हाई. लगीच पडायची न्हाई. आपल्याच भारानं उभी ऱ्हाईल. पर एक दनका बसू दे."

ठकीने राखेवर हात फिरवला आणि ती उठली.

त्या दिवसापासून ठकी वर जाताना दगड नेई आणि खाली येताना एक चीप आणी. शिपायांच्या घोड्यांची लीद काढायचे काम बायांकडेच होते. पाटीत लीद, लिदीखाली चीप. आधी ठकी एकटी. मग तिची जाऊ चांगुणा. मग सगळ्याच. दारावरचा शिपाई एकदा हसला. "काय गं, एवढी लीद नेता कुठं? खाता की काय?"

"न्हाई दादा, शेताला घालतो," चांगुणा म्हणाली. "तुमच्या घोड्याला आमच्यापरीस बरं खायला मिळतं. त्याचं सोनंच पिकंल."

दारावरचे बाकीचे शिपाई त्यालाच हसले आणि पाट्या तपासायच्या राहून गेल्या.

चूक झाली ती खाली. चिपा पायथ्याच्या कोरड्या ओढ्यात टाकून द्यायच्या, असे ठरले होते. पण या लोकांना दगड टाकून देता येत नाही. हाताला ती सवयच नाही. पहिलीने चीप ठेवली, दुसरीने तिला लागून ठेवली, तिसरीने दोघींच्या सांध्यावर बसवली. कोणी मुद्दाम केले नाही. सहा महिन्यांत ओढ्याच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा सरळ, देखणा बांध उभा राहिला. तांबड्या मातीत निळसर बांध. तो चोरीचा पुरावा आहे, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

ते ध्यानात आले सुभेदाराच्या. वैशाखात तो बैल जुंपून तोफ घेऊन आला. पायथ्याशी घोडा थांबवून त्याने बांध पाहिला, एक चीप उचलली, उन्हात धरली आणि वर भिंतीकडे पाहिले. ती अजून ताठ उभी दिसत होती, म्हणून तिची भीती त्याला वाटली नाही. मग तोफ बुरुजावर चढवून तिचे तोंड वाडीकडे केले आणि दवंडी दिली. उद्या दिवस मावळायच्या आत सगळ्या चिपा ज्या हातांनी काढल्या त्याच हातांनी परत बसवायच्या. नाहीतर वाडीवर तोफ.

बाया ठकीभोवती जमल्या. कोणी म्हणाले, बसवून टाकू. कोणी म्हणाले, रानात पळून जाऊ. ठकी म्हातूकडे पाहत होती. म्हातूने मान खाली घातली होती. तिला काय दिसले ते त्यालाही दिसले होते.

"दनका बसला न्हाई अजून," ती हलकेच म्हणाली.

"ठके, तोफंपुढं तू असशील."

"तोफंपुढं वाडी असंल त्यापरीस बरं."

सकाळी तिने सगळी घरे रिकामी करायला लावली. म्हातारी माणसे, लेकरे, कोंबड्या, सगळे डोंगराच्या पलीकडच्या अंगाला नेले. म्हातू मात्र जाईना. तो जाऊन बांधाजवळ बसला. ठकी पाटीत चिपा भरून एकटी वर गेली. सुभेदार बुरुजावर उभा होता. ती आली हे पाहून त्याला बरे वाटले असावे.

ठकीने पाटी भिंतीशी उतरवली. पण चीप काही उचलली नाही. तिने हात वर करून भिंतीच्या माथ्यावरचा एक अख्खा दगड ओढून काढला, चुंबळ सारखी केली, दगड डोक्यावर घेतला आणि उतरणीला लागली.

"ए बाई! दगड कुठं नेतेस?"

"खाली नेते, सरकार. आमचाच हाय. ह्याच डोक्यावरनं वर आलाय."

"मागं फिर! तोफ डागीन!"

ठकी थांबली. डोक्यावरच्या ओझ्यानिशी सावकाश वळली आणि सगळ्या शिपायांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तोफ खरी हाय का, सरकार? का नुसतीच दसऱ्याला मिरवायची?"

असे सांगतात की एक शिपाई फिस्सकन हसला. त्या हसण्यानेच घात केला. सुभेदाराने गोलंदाजाच्या हातातली बत्ती हिसकावली आणि स्वतः तोफेला लावली. गोळा सुटला, तोफ मागे सरकली, आणि चिपा गेलेला तो बुरुज आतल्या आत बसला. त्याच्या मागोमाग भिंत गेली. तोफ, सुभेदार आणि आठ महिन्यांची वेठ एकदम उतारावरून खाली आली. शिपाई वाट फुटेल तिकडे पळाले. झऱ्याचे बुजवलेले तोंड मोकळे झाले आणि पाणी दगडांमधून वाट काढत निघाले.

ठकीला गोळा चाटून गेला की घरंगळता दगड लागला, याविषयी दोन मते आहेत. एवढे मात्र सगळे सारखेच सांगतात, की ती पडली नाही. पाठीवरून रक्त चालले होते, दोन्ही बाजूंनी दगड गडगडत होते आणि ती डोक्यावरचा दगड धरून तशीच उतरत होती. पाणी तिच्या मागे मागे येत होते. ती बांधापाशी आली. म्हातू उठला. त्याच्या मदतीने तिने दगड बांधावर ठेवला आणि त्याला टेकून खाली बसली.

"हलतोय वो," ती म्हणाली.

म्हातूने इकडेतिकडे पाहिले, एक चीप उचलली आणि डाव्या हाताने त्या दगडाखाली ठोकून बसवली. ठकीने दगड हलवून पाहिला. तो हलला नाही. मग तिने डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत बांधाला पाणी लागले.

संस्थानाने पुढे दोनदा माणसे पाठवली. चौकी पुन्हा बांधा, असा हुकूम आला. दोन्ही वेळा वाडी मुकाट वर चढली आणि प्रत्येक माणूस एकेक दगड घेऊन खाली उतरला. किती जणांना फोक मारणार? किती जणांना गोळी घालणार? तिसऱ्यांदा कोणी आले नाही. बांध तेवढा वाढत गेला.

आजही वाडीत नवी सून आली की देवाच्या आधी तिला मोरदंडावर नेतात. ती दगड घेऊन उतरते आणि डाव्या हाताने बांधावर ठेवते. तो हलत असेल तर खाली चीप बसवते. मोठमोठे अंमलदार येतात, त्यांनाही सुटका नाही. मागे एक साहेब म्हणाले, माझा शिपाई घेईल माझा दगड. म्हाताऱ्यांनी त्यांना वाटेतच बसवून ठेवले. उन्हे कलल्यावर साहेब स्वतः दगड घेऊन उतरले.

वर गेलात की चौकीचा पाया दिसेल. निळसर दगडांची एक ओळ अजून गवतात आहे. ती उपसायची घाई कोणालाच नाही. रोज कोणी ना कोणी चढतो, आणि उतरताना कोणाचाच हात रिकामा नसतो.