चांदीतली चकली

तेव्हा दिवाळीचा फराळ सगळी आळी एकत्र बसून खायची, आणि चवीचा निकाल निवृत्त मामलेदार अण्णासाहेब दातार द्यायचे. त्या वर्षी वैद्यांनी आळीतल्या आजारी द्वारकेचं मीठ बंद केलं होतं. तिची बालमैत्रीण वत्सला म्हणाली, "तू ये तर खरी, चकल्या मी करते."

पण फराळाला बसताच अण्णासाहेब सगळ्यांदेखत गरजले, "आजाऱ्याचं अळणी खाणं सणात कशाला? एका घासात ओळखीन मी!"

द्वारका उठू लागली. वत्सलेने तिला हाताला धरून बसवलं आणि अण्णासाहेबांपुढे दोन चकल्या ठेवल्या. एक केळीच्या पानावर, दुसरी चांदीच्या ताटलीत.

पानावरची त्यांनी तोंड वाकडं करून बाजूला सारली. "ही द्वारकाबाईंची. नुसता भुसा!" चांदीतली मात्र मिटक्या मारत संपवली. "मीठ असं बेताचं हवं!"

"दोन्ही एकाच घाण्यातल्या, अण्णासाहेब," वत्सला म्हणाली. "मैत्रिणीला वेगळं वाढायचं नाही, म्हणून यंदा मी मिठाची चकली केलीच नाही. तुम्हाला चव लागली ती चांदीची."

सगळ्यात मोठ्याने द्वारका हसली.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. वत्सला अजूनही दिवाळीत पहिला घाणा अळणीच काढते, आणि केळीच्या पानावर वाढते.