मोतद्दाराची चोरी

सरदार हैबतरावांना घोड्यावर चढवायला दोन माणसं लागत. त्यांचे घोडे सांभाळणारा साठीचा मोतद्दार राणोजी मात्र एका उडीत मांड ठोकायचा. ते पाहून सरदारांचा जळफळाट व्हायचा. एकदा भरल्या सदरेवर ते गरजले, "आमच्या मुदपाकखान्यातलं चोरून खातोस ना? कबूल कर!"

"चोरून नाही सरकार, पण आपल्या वाट्याचं रोज खातो," राणोजी म्हणाला. "गव्हाचं पीठ चाळून पांढरं तेवढं आपल्या ताटात जातं, कोंडा तबेल्यात येतो. त्याची भाकरी मी खातो, उरलेला घोड्याला घालतो. गव्हाची ताकद आम्हा दोघांकडे आली, आपल्याकडे नुसता रंग राहिला."

दुसऱ्या दिवशी सरदारांनीही कोंड्याची भाकरी मागवली. पण राणोजीची भाकरी मोठी तर नाही ना, हे आधी पाहून घेतलं.